माउस बाहेर गेला, पण कुठे गेला?

मित्रहो, राजवाड्यासमोरून आपण इंदूरकर नेहमीच ये-जा करतो, म्हणून उदाहरण तेथलेच घेतो. मुख्य दरवाज्यावर एक पहारेकरी आहे आणि वाड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्याने वहीत करायची आहे, असे समजा. पाहुणा चौकातून आतल्या दालनात शिरला, तरी हा गृहस्थ 'पाहुणा गेला' असे लिहितो आणि त्याखाली लगेच 'पाहुणा आला' असेही लिहितो. वेबपानांना हालते-बोलते करणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतले माउसआउट (कर्सर एखाद्या घटकावरून बाहेर गेला) आणि माउसओव्हर (कर्सर घटकावर आला) हे इव्हेंट, म्हणजे ब्राउझर देत असलेल्या घटनांच्या सूचना, असेच वागतात. कर्सर मेनूच्या मोकळ्या जागेवरून त्याच मेनूतल्या एखाद्या लिंकवर सरकला की मेनूवर माउसआउट घडतो, लिंकवर माउसओव्हर घडतो आणि तो दुसरा इव्हेंट बबल होत, म्हणजे आतल्या घटकाकडून बाहेरच्या घटकाकडे सरकत, पुन्हा मेनूपर्यंत चढतो. परिणामी मेनू मिटतो, उघडतो, लुकलुकतो. हा ब्राउझरचा दोष मानून मी एकदा दोन रात्री घालवल्या होत्या. दोष माझ्या समजुतीत होता.

ब्राउझरांमध्ये खरा मतभेद होता तो अन्यत्र. आतल्या हालचालींकडे दुर्लक्ष करणारे माउसएंटर आणि माउसलीव्ह हे इव्हेंट प्रथम इंटरनेट एक्सप्लोररने आणले आणि कित्येक वर्षे ते त्याच्यापुरतेच राहिले. फायरफॉक्समध्ये ते १०व्या आवृत्तीत, २०१२ साली आले, तर क्रोममध्ये ३०व्या आवृत्तीत, २०१३ साली. उलटपक्षी, कर्सर कुठून आला किंवा कुठे गेला हे सांगणारा रिलेटेडटार्गेट इतरांकडे होता, पण जुन्या एक्सप्लोररमध्ये त्यासाठी फ्रॉमएलिमेंट आणि टूएलिमेंट असे दोन वेगळे गुणधर्म पाहावे लागत. २००६ साली आलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीने ही तफावत झाकली, आणि आमच्या पिढीने तिचे आभार मानले ते उगीच नव्हे.

आज माउसएंटर आणि माउसलीव्ह सर्वत्र मिळतात. मग प्रश्न संपला का? शंभर ओळींच्या तक्त्यावर एकच लिसनर (इव्हेंट ऐकणारे फंक्शन) लावायचा असेल, तर माउसएंटर बबल होत नसल्यामुळे बाहेरच्या घटकावरच ऐकण्याची नेहमीची पद्धत चालत नाही. तेथे माउसओव्हर-माउसआउटच घ्यावे आणि प्रत्येक वेळी, रिलेटेडटार्गेट त्याच ओळीच्या पोटात आहे का, हे कंटेन्स या मेथडने तपासावे. असेल तर इव्हेंट सोडून द्यावा. कर्सर खिडकीबाहेर गेला की रिलेटेडटार्गेट नल (रिकामा) येतो, कंटेन्स त्याला 'नाही' असे उत्तर देते आणि 'बाहेर गेला' ही नोंद आपोआप बरोबर होते.

माझ्या मते खरी अडचण आता बोटाची आहे. फोनवर टॅप केल्यावर ब्राउझर जुन्या संकेतस्थळांच्या सोयीसाठी माउसचे इव्हेंट स्वतःहून घडवतो, आणि आयफोनवर माउसच्या इव्हेंटमुळे पानावर काही नवे दिसू लागले, तर पहिल्या टॅपचा क्लिक पोहोचतच नाही. वापरणाऱ्याला दुसऱ्यांदा टॅप करावे लागते. म्हणून माउस, बोट, पेन या सर्वांसाठी असलेला पॉइंटरएंटर हा इव्हेंट वापरावा आणि त्यातला साधनाचा प्रकार सांगणारा पॉइंटरटाइप 'माउस' असेल तरच हॉव्हरचे, म्हणजे कर्सर वर आल्यावर करायचे, काम करावे. सफारीने पॉइंटर इव्हेंट २०१९ साली स्वीकारल्यापासून यात आडकाठी उरलेली नाही. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या हॉव्हर नियमांनाही 'हॉव्हर: हॉव्हर' या मीडिया क्वेरीचे (उपकरणाला हॉव्हर करता येते का, हे पाहणाऱ्या अटीचे) कुंपण घालावे. आणि जो मेनू हॉव्हरने उघडतो तो कीबोर्डच्या फोकसनेही उघडला पाहिजे, एस्केपने मिटला पाहिजे. टॅब दाबत पुढे जाणाऱ्याच्या हाती माउस मुळीच नसतो.