परळच्या केसपेपरवरचे प्रश्न

(दृश्य: भल्या पहाटेचं परळ. केईएमच्या फाटकाशी रांग.)

ओपीडी उघडायला अजून अवकाश आहे, पण केसपेपरची रांग लागली आहे. कुणी रात्रीच्या एसटीनं आलंय. कुणाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत चार ठिकाणचे रिपोर्ट आणि घडी पडून फाटायला आलेला एक्स-रे.

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय. सगळ्यांच्या तोंडी फक्त केईएम. 1926 साली हे रुग्णालय सुरू झालं तेव्हा देणगीदारांनी अट घातली होती, की इथे शिकवायला आणि उपचार करायला भारतीय डॉक्टरच असतील. सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या मोठ्या जागा तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे जायच्या. त्या काळात ही अट किती धीराची होती!

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शांत, बंद दारांची प्रयोगशाळा येते. इथे प्रश्न बहुतेक वेळा खाटेवर झोपलेला असतो. सकाळी राउंडला जो डॉक्टर त्याची नाडी बघतो, तोच दुपारी त्याच्यावर विचार करत बसतो.

(दृश्य: रक्तपेढी. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब.)

हा थेंब बघा. रक्तगट ठरवताना त्यात ‘ए’ आणि ‘बी’ ओळखणारे द्राव मिसळतात. गुठळ्या झाल्या तर गट ए, बी किंवा एबी. एकातही झाल्या नाहीत, तर ओ. इथे गुठळ्या नाहीत, म्हणजे ओ. काम संपलं. पण याच माणसाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींवर घातला, तर त्या पेशीही गोळा होतात. ओ गटाच्या माणसाला ओ रक्त चालत नाही, असं कसं होईल?

घाईच्या दिवशी कुणीही म्हणालं असतं, नमुना खराब असेल, पुन्हा काढा. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी तसं केलं नाही. त्या न जुळणाऱ्या रक्ताचा त्यांनी पिच्छा पुरवला, लंडनच्या तज्ज्ञांना सोबत घेतलं, आणि 1952 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ नावाचा पायाच या रक्तात नव्हता. साध्या ओ गटाच्या पेशींवर तो असतो, म्हणून हे रक्त त्यांनाही परकं मानत होतं. जगभरच्या रक्तपेढ्या आज या गटाला ‘बॉम्बे’ म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, आणि त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही.

(दृश्य: कडुनिंबावर चढलेली गुळवेल.)

आता ही वेल. शेताच्या बांधावर, कुंपणावर सगळ्यांनी पाहिलेली. केईएममध्ये ती पोचली ती काविळीच्या एका अवघड प्रश्नासाठी. खडा किंवा गाठ पित्तनलिकेत अडकली की पित्त तुंबतं. अंग पिवळं होतं, खाज सुटते, आणि यकृताची जंतूंशी लढायची ताकदच मंदावते. सर्जनचा हात कितीही चांगला असला, तरी असे रुग्ण ऑपरेशननंतर जंतुसंसर्गानं दगावायचे. शल्यविभागात डॉ. रवी बापट हे सोसत होते. औषधशास्त्र विभागात डॉ. शरदिनी डहाणूकर आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक चाचण्यांवर घासून बघत होत्या. मधे फक्त दोन विभागांमधलं अंतर होतं, आणि ते या लोकांनी पार केलं.

तुंबलेलं पित्त नळीवाटे बाहेर काढायचं, ऑपरेशनची वाट बघायची, आणि त्या दिवसांत काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल द्यायची. एकूण 30 रुग्ण. 1993 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गुळवेल घेतलेल्यांत जंतुसंसर्ग कमी, वाचलेले जास्त. अभ्यास लहान होता, रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते, मात्रा मोजलेली होती. घरी मनानं काढा उकळून प्यायला हा दाखला लावू नये, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

याच आवारात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा ही औषधी वनस्पती तपासली आणि 1949 मध्ये जगापुढे मांडली.

(दृश्य: जुनं ऑपरेशन थिएटर, कृष्णधवल छायाचित्र.)

16 फेब्रुवारी 1968. केपटाऊनला पहिलं हृदयरोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. त्यामागे प्राण्यांवरच्या प्रयोगांची कैक वर्षं होती. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तोही रुग्ण वाचला नाही. पुढचं रोपण दिल्लीला झालं, 1994 मध्ये.

(दृश्य: प्रसूतिकक्षाचं दार.)

6 ऑगस्ट 1986. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बेबी जन्मली. देशातली पहिली, असा बोलबाला झाला. पण कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 मध्येच हा दावा केला होता. तो कुणी मानला नाही, उलट त्यांची हेटाळणी झाली, आणि 1981 मध्ये त्यांनी जीवन संपवलं. 1997 साली आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना मुखोपाध्यायांची कागदपत्रं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईनं वाचली, 1978च्या त्या मुलीच्या आईवडिलांशी बोलले, आणि जाहीरपणे लिहिलं, की पहिला मान मुखोपाध्यायांचा. तोवर हा मान आनंद कुमारांच्या स्वतःच्या कामाला मिळत होता.

केईएममध्ये जन्मलेल्या मुलीला 2016 मध्ये मुलगा झाला. मुंबईतच. बाळंतपण डॉ. हिंदुजांनीच केलं.