खिडकीतली दोरी

(दृश्य – आयर्विन पूल, खाली कृष्णा, खांबावरची फुटांची पट्टी)

हा आयर्विन पूल, १९२९ चा. पावसाळ्यात सांगलीत कुणीही कुणाला भेटलं की पहिला प्रश्न एकच, किती फूट झालं? ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, एवढं इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २००५ ला पाणी ५३ च्या पुढं गेलं, २०१९ च्या ऑगस्टमधे ५७ पार झालं आणि २०२१ च्या जुलैमधे परत ५४ च्या आसपास. ही पट्टी नीट बघून घ्या, कारण अख्ख्या शहरात पुराच्या जेवढ्या सूचना मिळतात त्यात कान लागत नाही अशी जवळपास ही एकच. बाकी सगळा कारभार आवाजावर. भोंगा, रिक्षावरचा स्पीकर, देवळातला माईक, पोलिसांची शिट्टी, बोटीतनं मारलेल्या हाका, दारावरची थाप. मग ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनी पुरात काय करायचं?

(दृश्य – गल्लीतनं स्पीकर लावलेली रिक्षा, जोराचा पाऊस. इथं आवाज पूर्ण बंद, १५ सेकंद)

हा शॉट आम्ही मुद्दाम बिनआवाजाचा ठेवलाय. रिक्षा तुमच्या दारावरनं गेली, आत बसलेला माणूस माईकवर काहीतरी बोलतोय, काय बोलला? भाजीवाला आहे, इलेक्शनचा प्रचार आहे, का घर सोडा म्हणतोय?

(दृश्य – दत्तनगरमधलं घर, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ, दोन शिलाई मशिनं)

हे दादा आणि या ताई, दोघंही जन्मापासून कर्णबधिर. घरातच टेलरिंग चालतं. दादांचं म्हणणं असं की मुका म्हणू नका, आम्ही बोलतो, हातांनी बोलतो. मुलगी ऐकू शकते, घरातले कान म्हणजे तीच, पण २०१९ ला पाणी चढलं त्या आठवड्यात ती आजोळी होती मिरजेला. रिक्षा आदल्या दिवशी दोनदा फिरून गेली. ताईंनी पाहिलीही होती. रात्री लाईट गेले, आणि लाईट गेले की यांचं घर सगळ्या बाजूंनी बंद होतं, कारण अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे नवराबायकोला एकमेकांशीसुद्धा बोलता येत नाही. पहाटे दादा कॉटवरनं उतरले आणि पाय पाण्यात. शेजारच्या काकू सांगतात, मी अर्धा तास दार बडवत होते हो, मला माहितीय त्यांना ऐकू येत नाही, तरी बडवत होते, दुसरं काय करायचं ते सुचेना.

मशिनं गेली, लग्नसराईचं गिऱ्हाइकांचं कापड गेलं, पंचनाम्याला आलेल्या माणसाशी लिहून बोलायला घरात कोरडा कागद नव्हता म्हणून यादीत एकच मशीन लागलं. ती रेघ भिंतीवर अजून दिसते.

(दृश्य – दोरीचा क्लोजअप, खिडकीच्या गजातनं आत, मग खुंटीवरनं खाली कॉटपर्यंत)

आणि ही ती दोरी. काकूंच्या त्या अर्ध्या तासातनं आलेली.

साधी नायलॉनची दोरी आहे, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते ती. एक टोक काकूंच्या बाजूच्या खिडकीला, दुसरं टोक गजातनं आत घेऊन खुंटीवरनं खाली दादांच्या मनगटाला. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं की रात्री झोपताना बांधायची. ऐकायला सोपं वाटतं पण ही आता जी दिसतेय ती चौथी दोरी आहे. पहिली थेट बांधली होती, तिला वाऱ्यानं हिसका बसला की दादा उठून बसायचे, दोन रात्री कुणी झोपलंच नाही. मग मधे सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा घातला, बारीक हिसका तो ट्यूबच खातो, माणसानं ओढली तरच मनगटाला कळतं. दुसऱ्या दोरीला पक्की गाठ होती, तेव्हा मुलगीच म्हणाली, बाबा, घाईत ही सुटली नाही तर तुम्ही कॉटलाच अडकून राहाल. म्हणून आता सुरगाठ, एक टोक ओढलं की मोकळी. तिसरी मांजरानं कुरतडली. आणि दोरी नुसती ओढून चालत नाही, काय ओढलं ते कळायला पाहिजे, म्हणून ठरवलंय की तीन हिसके म्हणजे उठून खिडकीशी या, आणि ओढतच राहिले तर काही विचारू नका, पिशवी घ्या नि बाहेर पडा.

कुणी म्हणेल की बेल दाबली की दिवा लागतो अशी बेल मिळते की. मिळते, आणि रोजच्याला ती चांगलीच आहे, पण पुरात पहिल्यांदा जाते ती वीज. दोरीला लाईट लागत नाही.

(दृश्य – घाटाच्या पायऱ्या, रात्र, वीस-पंचवीस माणसं, हातात टॉर्च)

हे शूटिंग मे महिन्यातलं. दर वर्षी पावसाच्या आधी सगळे इथं जमतात, कर्णबधिर मंडळी, त्यांचे शेजारी, गल्लीतली पोरं. शिकायचं काय, तर टॉर्च कुठं मारायचा. बोटीवरचा माणूस मदतीला येतो आणि काळजीपोटी टॉर्च समोरच्याच्या तोंडावर मारतो, त्यानं समोरच्याचे डोळे दिपतात आणि सगळंच दिसेनासं होतं. टॉर्च स्वतःकडं वळवायचा, आपले हात आणि आपलं तोंड उजेडात आणायचं. बघा, या पोरानं आधी चुकीचा मारला, आता ताई त्याचं मनगट धरून फिरवतायत.

पुढं पाणी किती, ते अंगावर दाखवायचं. घोट्याला हात, गुडघ्याला हात, कमरेला हात. छातीला हात आला तर चालत यायचं नाही, वर जायचं, गच्चीवर. हे गल्लीत बसून ठरवलेलं आहे, साइन लँग्वेज शिकायला वेळ लागतो पण हे चार हात पाच मिनिटात येतात, आणि बोटीवरच्या माणसाला तेवढंही आलं तरी खूप आहे. गच्चीवरच्या माणसानं लाल ओढणी किंवा टॉवेल कठड्याला बांधायचा, कारण बोट हाका मारत पुढं जाते आणि उत्तर आलं नाही की घर रिकामं आहे असं धरलं जातं.

(दृश्य – आजोबा, हातात काचेची बरणी)

हे आजोबा रिटायर्ड मास्तर. यांच्यासारख्यांची गोष्ट वेगळी, आणि असे लोक तर जवळपास प्रत्येक घरात निघतील. जन्मापासूनचा बहिरेपणा नाही, वयानं ऐकू कमी येतं, दिवसा कानाचं मशीन घातलं की सगळं ठीक, पण रात्री झोपताना मशीन काढून ठेवतात, म्हणजे रात्री बारा ते पहाटे पाच हेही दादांसारखेच. मास्तरांच्या बरणीत खाली सिलिका जेलच्या पुड्या, वर मशीन, झाकण घट्ट. मशीन भिजलं तर आधी सेल काढायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि बरणीत ठेवायचं, हेअर ड्रायर अजिबात लावायचा नाही, उष्णतेनं आतलं काम जातं. सेलचं अजून एक, या बटण सेलला मागं रंगीत स्टिकर असतो, तो काढला की सेल हवेनं चालू होतो, मग वापरा नाहीतर नका वापरू, काही आठवड्यात संपतोच. म्हणून पिशवीत ठेवायचे सेल स्टिकरसकट ठेवायचे. मास्तरांना निळा स्टिकरवाला लागतो, ६७५ नंबरचा. पुरात मेडिकल दुकानं बंद, आणि छावणीत ब्लँकेट मिळतं, ६७५ चा सेल कोण देणार?

(दृश्य – फोनच्या स्क्रीनवर आयर्विनच्या पट्टीचा फोटो, मग दुसरा, मग तिसरा)

फोनचं काम या सगळ्या मंडळींनी एकदम भारी केलंय. कोयनेतनं सोडलेलं पाणी काही तासाभरात सांगलीत येत नाही, हातात वेळ असतो, प्रश्न फक्त बातमी पोचण्याचा. तर पुलाजवळ राहणारा एक पोरगा दर दोन तासांनी पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकतो. व्हॉइस मेसेज टाकायला ग्रुपवर बंदी आहे, आणि ही बंदी प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपनं पूर येईल त्या आठवड्यापुरती तरी करावी असं मला मनापासून वाटतं. कुणी व्हॉइस टाकलाच तर दादांची मुलगी हातवाऱ्यांचा व्हिडिओ करून परत टाकते. ११२ या आणीबाणीच्या नंबरला कॉल करता येत नसेल तर मेसेज चालतो, ॲपपण आहे. आणि २०२३ मधे आपल्या सगळ्यांच्या फोनवर तो जोरात थरथरणारा सरकारी टेस्ट मेसेज आला होता बघा, बरेच जण वैतागले होते. ताई सांगतात, मला वाटलं, अरे, हा माझ्यासाठी आहे.

(दृश्य – छावणी म्हणून वापरलेली शाळा, रिकामा वर्ग, फळा)

छावणीत नाव पुकारून जेवण आणि किट वाटतात. नाव ऐकू आलं नाही की नंबर गेला. वर्गात फळा असतो, खडू असतो. नावं फळ्यावर लिहा, एवढंच.

कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ मधे स्पष्ट लिहिलंय की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोका असेल तेव्हा त्यांना कळवायची योग्य ती सोय करायची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१९ मधे यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या, तो आपल्याकडं ५७ फूट पाणी आलं तोच सुमार. आता त्या नोंदीत नुसतं नाव असून भागत नाही. कुणाच्या खिडकीतनं हाक पोचते, रात्री मशीन काढतात का, घरात ऐकू येणारं कुणी आहे का, शेजारी कोण, हे पाहिजे. ताईंच्या वहीत ते आहे, त्यांच्या भागातल्या एकवीस घरांचं.

(दृश्य – वही, मग शिडी, हुक, दोरीचं बंडल)

अशा दोऱ्या चार घरांत बांधून झाल्यात. पाचवी सांगलवाडीत, तिथं जरा अवघड आहे, झोपायच्या खोलीची खिडकी नदीच्या बाजूला आणि शेजारी मागच्या भिंतीपलीकडं, त्यामुळं दोरी पत्र्यावरनं न्यावी लागणार आणि पत्र्याच्या कडेला ती घासून तुटेल म्हणून तेवढ्या भागात प्लंबिंगचा पाइप घालायचाय. हुक आणलेत, पाइप कापून आणलाय. मोठी शिडी मिळाली की रविवारी सकाळी.