पहिल्या पगाराआधीचे अडतीस दिवस

नोकरीचं पत्र आलं की घरीदारी सगळे विचारतात, पगार किती? मी बरीच वर्षं पगारपत्रकं तयार करण्याचं काम केलं. माझ्या टेबलाशी येणारी नवी मुलं-मुली मात्र वेगळंच विचारायची, "मॅडम, पगार कधी होणार?" तेही हळू आवाजात, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, खात्यात काहीच जमा झालं नाही म्हणून. हा प्रश्न तुम्ही रुजू होण्याआधीच विचारावा, एवढ्यासाठी मी आज इथे आले आहे.

आधी पगार कसा निघतो ते सांगते. पगार महिनाअखेरीस होत असला तरी त्याचा हिशोब काही दिवस आधीच बंद होतो. हजेरी, रजा, नव्यांची नावं या सगळ्याला एक शेवटची तारीख असते. समजा ती २० आहे आणि तुम्ही २२ तारखेला रुजू झालात. मग त्या महिन्याच्या पत्रकात तुमचं नावच नसतं. त्या उरलेल्या दिवसांचा पगार पुढच्या महिन्यात जोडून मिळतो. म्हणजे २२ पासून पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत साधारण ३८ दिवस तुम्ही रोज कामावर जाता आणि हातात एक पैसा नसतो. यात कोणी फसवत नाही, रीतच तशी आहे. फक्त ती कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून पत्र स्वीकारताना एचआरला सरळ विचारा: पगाराची तारीख कोणती, हिशोब कधी बंद होतो, बँक खात्याचे तपशील कधीपर्यंत द्यायचे, आणि अर्धवट महिन्याचा पगार एकूण दिवसांवर काढता की कामाच्या दिवसांवर? असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल म्हणून कित्येक जण गप्प बसतात. पलीकडच्या खुर्चीवर बसलेली बाई म्हणून सांगते, असं विचारणारा माणूस आम्हाला नीटनेटका वाटायचा.

आता हे अडतीस दिवस काढायचे कसे? खर्चाची बेरीज करू नका, तारखा लिहा. बेरीज नेहमी आटोक्यातली दिसते, अडचण तारखांची असते. दुसऱ्या गावी जाणार असाल तर घराचं डिपॉझिट आणि आगाऊ भाडं रुजू होण्याआधीच द्यावं लागतं. प्रवास, अंथरूण-पांघरूण, कामाला शोभतील असे दोन-तीन जोड कपडे, वैद्यकीय तपासणी, हे सगळं पहिल्याच आठवड्यात येतं. कागदाच्या एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला जाणारी रक्कम आणि शेजारी हातात उरणारी रक्कम लिहा. ही रक्कम ज्या तारखेला शून्याखाली जाते, ती तुमची खरी तारीख. तिथून पगारापर्यंत जेवढे कमी पडतात तेवढे पैसे आधी जमवा किंवा घरच्यांकडून मागा, आणि मागताना परत कधी देणार तेही ठरवून सांगा.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा झटपट कर्ज देणारं ॲप यांकडे मात्र वळू नका. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्याजावर व्याज चढत वर्षाला ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ ढोबळमानाने कळतो. हा ठोकताळा लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापलेल्या ग्रंथातही आहे. बहात्तर भागिले तीन, चोवीस. न फेडलेलं कर्ज दोन वर्षांत दुप्पट होतं.

पॅकेजबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण घरभाडं याच आकड्यावर ठरवलं जातं आणि तिथेच गणित चुकतं. समजा वर्षाचं पॅकेज १२०० आहे. तुम्ही मनात महिन्याला शंभर धरता. पण त्यातले १५० कामगिरीवर अवलंबून, तेही वर्षअखेरीस, मिळाले तर. आणखी ९० म्हणजे कंपनीने तुमच्या नावे निवृत्तीसाठी भरलेला वाटा आणि विम्याचा हप्ता. उरले ९६०, म्हणजे महिना ८०. त्यातून तुमचा स्वतःचा वाटा आणि कर मिळून १२ कापले, तर हाती ६८. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, तुमचे वेगळे असतील. पण शंभर धरून घर घेतलं आणि हाती अडुसष्ट आले, तर कमी पडणारे बत्तीस दर महिन्याला कुठून आणणार? पत्राबरोबरचा तक्ता घेऊन बसा आणि दरमहा नक्की येणाऱ्या रकमेखाली रेघ मारा. जॉइनिंग बोनस, म्हणजे रुजू होताना मिळणारी जादा रक्कम, असेल तर तो किती काळाच्या आत नोकरी सोडल्यास परत द्यावा लागतो, तेही वाचा.

कपातीवर नवी मुलं फार चिडतात. ब्रिटनमध्ये पगारातूनच कर कापून घेण्याची आजची पद्धत १९४४ साली सुरू झाली. युद्धकाळात लाखो साधे नोकरदार पहिल्यांदाच कर भरू लागले होते आणि एकदम मोठी रक्कम भरणं त्यांना जड जात होतं. थोडं थोडं कापलं जाणं सोसतं. पण कपात बरोबर आहे का, हे पाहणं तुमचं काम. पहिली पगाराची स्लिप ओळ न् ओळ वाचा. मी स्वतः पत्रकांत चुका केल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच, ज्याचा पगार त्यानेच दाखवून दिल्या.

प्रोबेशन, म्हणजे नोकरीत कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ, संपेपर्यंत कोणताही लांब हप्ता अंगावर घेऊ नका. गाडी घेणं थांबू शकतं. घरी पैसे द्यायचे असतील तर आकडा पहिल्या पगाराआधीच ठरवा. तो पहिल्या महिन्याच्या उत्साहात ठरला की सहाव्या महिन्यात ओढाताण होते, आणि कमी करायची वेळ आली की दोन्हीकडे मनं दुखावतात. पहिल्या वर्षात एक महिन्याचा खर्च बाजूला पडला, की या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात वापरता येतो. माझ्या मते गुंतवणुकीच्या कुठल्याही योजनेआधी हे करावं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून उठा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, ताब्यात देऊ नका. सगळ्या अर्जांवर स्वतःचा ईमेल द्या, कॉलेजचा पत्ता बंद होतो. पगाराच्या स्लिपा दर महिन्याला स्वतःकडे उतरवून घ्या, कारण नोकरी सोडल्यावर ऑफिसचं खातं उघडता येत नाही.

आणि नॉमिनीचा रकाना, म्हणजे आपलं काही बरंवाईट झालं तर पैसे कोणाकडे द्यायचे ते नाव लिहायची जागा. तेविशीतल्या मुलांना तो निरर्थक वाटतो आणि ती तो कोरा सोडतात. असाच एक कोरा अर्ज माझ्याकडे होता. तो मुलगा अपघातात गेला. त्याच्या हक्काच्या रकमेसाठी त्याची आई वारसाचे कागद गोळा करत महिनोन् महिने फिरत राहिली. अर्ज घेताना मी तो रकाना त्याच्याकडून भरून घ्यायला हवा होता, हे मला आजही बोचतं. त्यानंतर माझ्या टेबलावरून एकही अर्ज कोरा पुढे गेला नाही. तुमचा अर्ज घेणारा माणूस विचारेलच असं नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी तिथे नाव लिहून मगच सही करा.