बटण कोणाच्या हातात?

(दृश्य: रात्र. ऐरोली स्टेशन, मागे काचेच्या इमारती)

रात्रीचे साडेदहा. ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल ऐरोली सोडते. डब्यात मोजकीच माणसं, बाहेर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इमारती मात्र मजल्यामागून मजला लख्ख. यातले सगळेच दिवे फुकट जळत नाहीत, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांचा इथे आत्ता कुठे दिवस सुरू झालाय. पण त्यांच्या वरच्या-खालच्या मजल्यांवर? खुर्च्या टेबलाखाली सारलेल्या, कॉम्प्युटर बंद, आणि डोक्यावरचे दिवे सगळे चालू.

हिशेब सोपा आहे. छतात बसवतात तो दोन बाय दोन फुटांचा एलईडी पॅनेल साधारण ३६ वॅटचा. समजा, मजल्यावर असे २०० आहेत. रात्री नऊ ते सकाळी आठ, ११ तासांत झाले ७९ युनिट. एका मजल्याचे, एका रात्रीचे. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पाच महिन्याला १०० युनिटपर्यंतचा आहे. आणि ‘एलईडीच तर आहे, किती खाणार’ म्हणत दिवे बंद करायची सवयही सुटत चाललीय.

वॉचमनला हे दर फेरीला दिसतं. मग तो बंद का करत नाही?

(दृश्य: डीबीचं दार उघडतं)

हा मजल्याचा डीबी, म्हणजे विजेच्या खटक्यांची पेटी. आत एमसीबींच्या, म्हणजे खटक्यांच्या, दोन रांगा. नावांच्या चिठ्ठ्या निम्म्या निघालेल्या, एकीवर पेनाने नुसतं ‘लाईट?’, आणि एका खटक्यावर लाल टेप: ‘हात लावू नये’. चुकीचा खटका पडला आणि सर्व्हर बसला, तर सकाळी जाब वॉचमनलाच. दिवे रात्रभर जळले, तर त्याला कोणी हटकत नाही.

बिलाचीही तीच गत. लॉबी, जिने, पार्किंगची वीज बऱ्याच ठिकाणी मेंटेनन्समध्ये क्षेत्रफळाप्रमाणे वाटली जाते. एकाने काटकसर केली, तरी त्याच्या वाट्याला येतं काय?

सेन्सर लावा, प्रश्न मिटला, असं विकणारे सांगतात. पण नेहमीचा पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. मान खाली घालून टायपिंग करणारा त्याच्या लेखी तिथे नसतोच. मग दिवे जातात, माणूस हात हलवत बसतो, वैतागतो, आणि इलेक्ट्रिशियनला सांगून सेन्सर बायपास करून घेतो. जिना, स्टोअर, पार्किंग इथे सेन्सर उत्तम. मोकळ्या ऑफिसला टायमर बरा: नऊला सगळं बंद, थांबलेल्याने आपल्या भागापुरतं बटण दाबून आणखी दोन तास घ्यावेत.

नियम नाही असं नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. दिवे आपोआप बंद होण्याची तरतूद तीत आहे, पण तिचा रोख नव्या बांधकामावर. जुन्या इमारतींचं वायरिंग आहे तसंच.

(दृश्य: डीबीच्या दारावर कागद चिकटवणारे हात)

तिथे एक कागद पुष्कळ काम करतो. कोणते खटके किती वाजता पाडायचे आणि कोणत्यांना हात लावायचा नाही, एवढंच मराठीत, मोठ्या अक्षरात. खाली मॅनेजरची सही. ती नसेल तर वॉचमन डीबी उघडणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.