आभाळ येतं, आकाश येत नाही

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय आभाळाबद्दल. आकाशाबद्दल नव्हे, आभाळाबद्दल. दोन्ही एकच म्हणता? मग हे ऐका.

आमच्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग. दिवाळी नुकतीच झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि घरी पुण्याचे नवे जावई आलेले. संध्याकाळी मामा बागेतून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "आभाळ आलंय." जावई हसून म्हणाले, "मामा, ते गेलं कुठं होतं?" मामी आत तोंडाला पदर लावून हसल्या. मामा नाही हसले. "पाव्हणं, डावणी आली की कळंल," एवढंच बोलले आणि ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायला गेले. डावणी म्हणजे ढगाळ, ओल्या हवेत द्राक्षावर पडणारा बुरशीचा रोग. रात्रभर फवारणी चालली. सासऱ्याला एकटं कसं सोडायचं, म्हणून जावईबापू लग्नातला शर्ट घालून टाकीतलं औषध काठीनं ढवळत होते. तो शर्ट गेला तो गेलाच, बाग मात्र राहिली. आता छाटणी झाली की पुण्याहून फोन येतो. तब्येतीचं नंतर, आधी विचारतात, "मामा, आभाळ आलं का?"

तर आभाळ म्हणजे मुळात ढग. संस्कृतात अभ्र, त्यावरून आपलं आभाळ. पुन्हा सांगतो: अभ्र म्हणजे ढग, म्हणून आभाळ 'येतं'. बातम्यांतलं 'ढगाळ हवामान' मला फार कागदी वाटतं; बागाईतदाराची झोप उडवायला 'आभाळ आलंय' पुरतं.

आकाश निराळं. 'काश्' म्हणजे प्रकाशणं, तोच प्रकाशातला 'काश'. म्हणून दिवाळीत आकाशकंदील लागतो, आभाळकंदील नाही. फाटतं मात्र आभाळ. त्याला ठिगळ कुठं लावणार? येवल्यात संक्रांतीला पतंग उडतात ते आकाशात. आणि हो, नायलॉन मांजा विकणाऱ्याला आधी त्याच मांजानं बांधून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

गंमत म्हणजे इंग्रजांचा 'स्काय'ही मूळचा ढगच. जुन्या नॉर्स भाषेतून तो इंग्रजीत आला, आणि तिथं त्याचा अर्थ होता ढग. म्हणजे साहेबाचा स्काय आपल्या आभाळाच्या भावकीतला, आकाशाच्या नव्हे.

न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, तर सांगतं, शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण. म्हैसूरला १९३५ साली प्राध्यापक गोपालस्वामींनी रेडिओ केंद्र काढलं, त्याचं नाव ठेवलं आकाशवाणी. पुढे तेच नाव देशभरच्या रेडिओला मिळालं. आभाळवाणी म्हटलं असतं, तर निफाडकरांनी रेडिओ लावण्याआधी ब्लोअर जोडला असता!