प्रयोगशील शाळेत शिक्षक व्हायचं तर

(पुण्यात डी.एल.एड. आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहून दिला आहे : प्रयोगशील शाळेत नोकरी मिळते कशी? मी पंधरा वर्षं पुण्यातल्या अशाच एका शाळेत शिकवते. गेली काही वर्षं नव्या शिक्षकांची निवड करतानाही असते. तिथे बसून जे दिसतं तेच सांगते.

'प्रयोगशील' म्हणजे घोकंपट्टीऐवजी मुलांना स्वतः करून, शोधून शिकू देणारी शाळा. हा शब्द आता कुठल्याही शाळेच्या फलकावर दिसतो. पण आपल्याकडे त्यामागे माणसांचं आयुष्यभराचं काम आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरांमागे रानात जातात हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, पुण्यात १९९२ मध्ये अक्षरनंदन सुरू झालं. हे मनापासून करणाऱ्या शाळा शहरात मोजक्याच आहेत. आमच्याकडे वर्षाला एखादी जागा निघते, कधी तीही नाही. वर्तमानपत्रात जाहिरात क्वचितच येते. म्हणून मे महिन्यात सगळीकडे अर्ज टाकत बसू नका. दिवाळीनंतर फोन करा, वेळ मागून घ्या आणि शाळा चालू असताना एक दिवस वर्गात मागे बसा.

काय बघायचं? भिंतीवरची चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला आहेत की पाहुण्यांच्या, ते बघा. चार वह्या उघडा. चारही वह्यांत उत्तर शब्दाला शब्द सारखं असेल तर शाळेच्या फलकावर काहीही लिहिलेलं असो, ती शाळा प्रयोगशील नाही. मधल्या सुट्टीत एखादं मूल रडत असेल तर त्याच्याकडे कोण जातं, किती वेळाने जातं, तेही बघा. हा दिवस शाळेसाठीही महत्त्वाचा असतो. मागे बसलेल्या पाहुणीचं लक्ष मुलांकडे आहे की मोबाइलकडे, हे आम्हांला दिसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका हवी. ऑगस्ट २०२३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे नुसत्या बी.एड.वर भागत नाही. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रमाणपत्र आता तहहयात चालतं, तेव्हा एकदा नीट अभ्यास करून मोकळे व्हा. शाळा अनुदानित असेल तर भरती शासनाच्या 'पवित्र' या ऑनलाइन पोर्टलमार्फत होते आणि त्यासाठी 'टेट' म्हणजे अभियोग्यता चाचणी वेगळी द्यावी लागते. टीईटी आणि टेट यांत दरवर्षी कोणीतरी गल्लत करतंच. म्हणून शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे पहिल्याच भेटीत विचारा.

आता पाठाकडे येते, कारण निवड खरी तिथेच होते. एका वर्षी दोन उमेदवार होत्या. दोघींनाही दुसरीच्या वर्गात संख्यावाचन घ्यायला सांगितलं होतं. पहिल्या उमेदवाराचं टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, देखणं होतं, रंगीत कार्डं होती, आवाज खणखणीत. तिने 'एकोणतीस' लिहायला सांगितलं. एका मुलाने ३९ लिहिलं. तिने ते पुसलं, २९ लिहिलं, "नीट ऐकायचं हं," म्हणाली आणि पुढे गेली.

दुसरी उमेदवार पुढच्या दिवशी आली. तिच्याही वर्गात कोणीतरी ३९ लिहिलंच, कारण आपली मराठी तिथे मुलांना अडवतेच. ती त्या मुलीशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "तू हे कसं ठरवलंस, मला सांगशील?" मुलगी म्हणाली, "ताई, तीस ऐकू आलं ना, म्हणून तीन. आणि एकोण म्हणजे नऊ." ताई क्षणभर गप्प राहिली. मग तिने सगळ्या वर्गाला विचारलं, "एकोणवीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत काय सारखं आहे?" मुलांनी काड्यांचे गठ्ठे मोडून, पुन्हा बांधून शोधून काढलं की तिसापर्यंत पोचायला एक कमी पडतो. पाठ अर्धाच झाला, तास संपला. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांसाठी 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्यामागची मुलांची अडचण खरी होती, आणि या दुसऱ्या उमेदवाराने ती वाद न घालता वर्गात सोडवायला घेतली. आम्ही तिला घेतलं. तेव्हा तिला अनुभव फक्त सरावपाठांचा होता.

म्हणून टाचण जरूर करा, पण मूल चुकलं की टाचण बाजूला ठेवायची तयारी ठेवा. शाळेने पाठ मागितला नाही, नुसती मुलाखत घेतली, तर तुम्हीच म्हणा, मला एक तास मुलांबरोबर घेऊ द्या.

शेवटचं पगाराबद्दल. हे बोलायला आपल्या क्षेत्रात संकोच वाटतो, तो वाटू नये. माझी पहिली नोकरी अशाच एका ध्येयवादी म्हणवणाऱ्या शाळेत होती. मानधन किती ते मी विचारलंच नाही, विचारणं मला कोतेपणाचं वाटलं. खोलीभाडं आणि बसपास गेल्यावर हातात काही उरत नव्हतं. संध्याकाळी शिकवण्या घ्यायचे, सकाळी वर्गात पेंगायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी मी ती शाळा सोडली. पहिलीतली तीस मुलं वर्षाच्या मध्यात ताईवाचून राहिली, याचं दुःख मला आजही आहे.

१९७७ चा खाजगी शाळांचा सेवाशर्ती कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. शाळेची तळमळ कितीही खरी असली तरी रुजू होण्याआधी लेखी नेमणूकपत्र मागा. त्यात पद, वेतन आणि प्रोबेशनचा, म्हणजे कायम होण्याआधीचा, काळ आहे का ते वाचा. वर्गात मुलं किती, शनिवारी किती तास, उन्हाळ्याच्या सुट्टीतलं वेतन मिळतं का, हेही त्याच बैठकीत विचारा. आमच्याकडे निवडलेल्या त्या दुसऱ्या उमेदवाराने हे सगळं विचारलं होतं, वहीत लिहून घेतलं होतं, आणि मगच तिने सही केली.