करार, मीठ आणि आखाजी

मंडळी, सुरुवात याच शब्दापासून करता आली असती. ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे नगराच्या कामासाठी बोलावलेली नागरिकांची सभा. मराठी ख्रिस्ती माणूस तिला ‘मंडळी’ म्हणतो. आता कुणी ‘आमची मंडळी माहेरी गेली’ म्हणालं, तर चर्च ओस पडलं असं आपण समजत नाही, एवढं बरं आहे. (हशा)

पत्रिकेवर मराठी ख्रिस्ती भाषेतले आठ शब्द छापलेत. त्यातला एक झाला. पण माझं खरं भांडण एकाच शब्दाशी आहे: करार. बायबलाचे दोन भाग, जुना करार, नवा करार.

करार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? स्टॅम्पपेपर. लिहून देणार, लिहून घेणार, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. एकानं अट मोडली की दुसरा मोकळा. हिब्रू शब्द आहे ‘बेरीत’, आणि बेरीत लिहीत नाहीत, करतही नाहीत, कापतात. हिब्रूत त्याच्याबरोबर येणारं क्रियापदच ‘कापणे’ आहे. का, ते बायबलाच्या पहिल्या ग्रंथात, उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात दिसतं. देवाच्या सांगण्यावरून अब्रामानं, यहुद्यांच्या मूळपुरुषानं, काय आणायचं याची यादीच आहे: तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची बकरी, तीन वर्षांचा एडका, एक होला, एक पारव्याचं पिल्लू. जनावरं मधोमध चिरून अर्धुकं समोरासमोर मांडायची. पाखरं चिरायची नाहीत. मध्ये वाट सोडायची. मांस उघड्यावर, तेव्हा गिधाडं उतरणारच. ती हाकलत बसण्याचं कामही अब्रामाकडेच.

या वाटेनं चालत जाणारा काय म्हणतो? शब्द मोडला तर माझीही गत या जनावरासारखी होवो. हा अर्थ यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, 34व्या अध्यायात स्पष्ट आहे. मग त्या रात्री चाललं कोण? अब्राम नाही, त्याला गाढ झोप लागली होती. धुमसती भट्टी आणि जळती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून गेली. म्हणजे शपथ घेतली ती देवानं.

हे किती उलटं आहे ते खान्देशात वेगळं सांगायला नको. आपल्याकडे सालदार, वर्षाचा शेतगडी, ठरतो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. चार माणसांत बोलणं होतं, उचल हातात पडते आणि पुढच्या आखाजीपर्यंत बांधला जातो तो सालदार. मालक कधी बांधला गेलाय? प्राचीन हित्ती राजांचे मांडलिकांशी झालेले तह सापडलेत, त्यांतही हीच तऱ्हा: आधी राजाची ओळख, मग त्याचे मागचे उपकार, मग अटी, साक्षीला देवदेवता, शेवटी शाप आणि आशीर्वाद. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाचा साचा याच्याशी बराच जुळतो. पण तिथे शपथ घ्यायची ती मांडलिकानं. उत्पत्तीत थोरल्यानंच स्वतःला बांधून घेतलं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात यहुदी पंडित हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतराला बसले, तेव्हा त्यांच्यापुढे दोन शब्द होते. ‘सुन्थेके’, म्हणजे बरोबरीच्यांनी मिळून केलेला तह. आणि ‘दियाथेके’, एकानंच ठरवून दिलेली व्यवस्था. रोजच्या ग्रीकमध्ये मृत्युपत्र. त्यांनी दियाथेके घेतला. तोच लॅटिनमध्ये ‘तेस्तामेंतुम’ झाला. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या 9व्या अध्यायात लेखक या दुहेरी अर्थावरच युक्तिवाद उभा करतो: करून ठेवणारा मेल्याशिवाय दियाथेके लागू होत नाही. मराठीत मात्र करार, करार म्हणता म्हणता तिथे एकदम ‘मृत्युपत्र’ येतं, आणि वाचकाला वाटतं विषयच बदलला. त्या पंडितांनी बाजूला ठेवलेला सुन्थेके आपण ‘करार’ म्हणून परत घरात घेतला, ही माझी तक्रार आहे.

जुन्या करारातल्या ‘गणना’ या ग्रंथाच्या 18व्या अध्यायात ‘मिठाचा करार’ आहे. मीठ नासत नाही, म्हणून कायमचा. हे तरी आपल्या ओळखीचं, खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आपण! पण बघा, आपली म्हणसुद्धा खाणाऱ्याला बांधते, वाढणाऱ्याला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं, सहा शब्द.

तारण: जळगावच्या सराफ बाजारात तारण म्हणजे गहाण ठेवलेलं सोनं, बायबलात ‘सोतेरिया’, संकटातून सुटका. खंडणी: पेपरात गुन्हा, बायबलात ‘लुत्रोन’, गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेली रक्कम. म्हणजे खंडणी देणारा तिथे उपकारकर्ता!

वल्हांडण, यहुद्यांचा मिसरातून सुटकेचा सण: हा शब्द मात्र भाषांतरकारांनी नामी शोधला. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे, आणि हिब्रू ‘पेसाह’चा अर्थही तोच लावतात. एक वर्षाचा निर्दोष नर, मेंढरू किंवा करडू, महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचा, चौदाव्याच्या संध्याकाळी कापायचा. रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीनं दाराच्या बाह्यांना आणि कपाळपट्टीला. मांस आगीवर भाजायचं, उकडायचं नाही. सोबत बेखमीर भाकर आणि कडू भाजी. उरलेलं सकाळी जाळायचं. रक्त दिसलं की मृत्यू ते घर ओलांडून जातो.

समतत्त्व: 325 साली निकाया इथं चर्चच्या धर्मसभेत ठरलं की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याशी, म्हणजे देवाशी, ‘होमोऊसिओस’, एकाच तत्त्वाचा. ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सारख्या तत्त्वाचा, म्हणणारा पक्ष पुढे निघाला. फरक एका आयोटाचा, म्हणजे ग्रीक ‘इ’ या अक्षराचा. लोक हसतात, पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत तरी दुसरं काय आहे? मात्र हे आयोटाचं भांडण निकायाच्या सभेतलं म्हणून सांगतात ते चूक. ते 350 नंतरच्या दशकातलं. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनं निकायाचीच बाजू कायम केली.

राहिले पाद्री आणि नाताळ. दोन्ही पोर्तुगीज, पहिल्याचा अर्थ बाप, दुसऱ्याचा जन्म. चहा आलाय.